मानेतली तार

कान्हूनं महिपतीशेठच्या थोबाडीत दिली ती कंपनीच्या गेटवर, दुपारी तीनच्या ठोक्याला, म्हणजे एक शिफ्ट आत शिरत असताना आणि दुसरी बाहेर पडत असताना. दोन-अडीचशे माणसांनी ती थप्पड डोळ्यांनी पाहिली आणि उरलेल्या रोह्यानं संध्याकाळपर्यंत मोबाईलवर पाहिली. कारण साधं होतं. कान्हूसोबत काम करणाऱ्या एका कंत्राटी कामगाराच्या अंगावर अॅसिड उडालं होतं आणि शेठनं त्याला आपल्या गाडीत घेतलं नाही, सीट खराब होईल म्हणाला. माणसाची कातडी सुटत होती आणि याला सीटची पडली होती! तेव्हा कान्हूचा हात उठला. कान्हूचा हात उठायला तसाही फार वेळ लागत नसे.

महिपतीशेठ म्हणजे कंपन्यांना माणसं पुरवणारा कंत्राटदार. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आत सगळा काळाकुट्ट अंधार. आठवड्याच्या आत कान्हूची मोटारसायकल दारात जळाली. पंधरा दिवसांत त्याचा जोडीदार गणेश निडीच्या रेल्वे फाटकापाशी सापडला, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. कान्हूही काही हातात बांगड्या भरून बसणारा नव्हता. त्यानं शेठच्या ड्रायव्हरला भर बाजारात गाठलं आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. दोन दिवसांनी कान्हूच्या खिडकीतून पेटती बाटली आली आणि त्याची बायको सरू हिच्या साडीचा पदर जळाला. सरू थोडक्यात वाचली. पुढची बाटली कुणावर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कान्हूची धाकटी बहीण दिपिका रोह्यातच दिलेली. तिचा नवरा प्रणित कंपनीत ऑपरेटर, आणि ती घरी केकवरच्या बाहुल्या करायची. फॉन्डंट म्हणतात त्याला, साखर आणि जिलेटिन मळून केलेला गोळा. दिसायला मैद्यासारखा, स्वभावानं मात्र भारी नाठाळ. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तो घामेजतो, वाकतो, रात्रभरात नवरदेवाचं नाक हनुवटीवर येतं. भल्याभल्या केकवाल्या बायकांनी रडून सोडून दिलेलं काम ते. दिपिकाचं मात्र काही हलत नसे, कारण ती पेणची. तिचे वडील हिरामण यांनी पेणला चाळीस वर्षं गणपती घडवले होते, आणि पोरीनं खेळण्यांऐवजी शाडूच हातात घेतला होता. साखरेत घट्टपणाची पावडर किती घालायची, कुठला भाग किती दिवस पंख्याखाली वाळवायचा, कंबरेत तार किती जाड आणि मनगटात किती बारीक, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. दिपिकाची बाहुली महामार्गाच्या खड्ड्यांतून मुंबईला गेली तरी मान हलत नाही, असं लोक म्हणत. आणि खरंच हलत नसे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महिपतीशेठ तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. सोबत दोन माणसं, चपला पायात. घरात दिपिका एकटीच होती. ओट्यावर एक नवरी वाळत होती. शेठनं ती उचलली आणि गंमत म्हणून तिचं डोकं पिळलं. ते निघेना.

"हिची मान का निघत नाय?"

"आत तार हाय, शेठ," दिपिका म्हणाली.

"बरं हाय. पण मला बिनतारेची पायजे." शेठ स्टुलावर बसला. "पंचवीस तारखेला माझा वाढदिवस. केकवर तुझा भाव उभा कर. हुबेहूब. पिवळं हेल्मेट, निळा शर्ट, सगळा. मी तलवारीनं एका घावात त्याचा मुंडका उडवनार. सगळे बघतील, मोबाईलवर जाईल. तुझा भाव समोर हात जोडून उभा राहील. झाला. थप्पड फिटली. मंग माझा एक मानूस त्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाय. देवीची शपथ."

"आनि मी नाय म्हटला तर?"

शेठनं नवरी ओट्यावर आडवी ठेवली, शेजारचं लाटणं उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं. दोनदा, तीनदा. साखरेचे तुकडे दिपिकाच्या डोळ्यांत गेले. नवरीच्या चेहऱ्याचा भुगा झाला आणि वाकडी तार तेवढी उरली. शेठनं लाटणं पुसून जागेवर ठेवलं, आणि जाताना दार हळू लावलं.

दिपिकानं त्याच दिवशी, वडील देवळात गेलेले पाहून, भावाला आणि वहिनीला बोलावून घेतलं. कान्हू आधी भडकला, भिंतीवर मूठ आपटली, आत्ता जातो आणि त्याचा कोथळा काढतो म्हणाला. सरूनं त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला खाली बसवलं. अंगानं बारीक बाई, पण वेळ आली की वाघीण.

"तुमची मान राहते ना? मंग साखरेच्या शंभर जाऊ देत," ती म्हणाली. "हात जोडायचं, खाली बघायचं आनि घरी यायचं. तोंड उघडायचं नाय. आनि दिपा, तू मान कच्ची ठेव. फुंकरीनं पडंल येवढी कच्ची. पयल्या घावात गेली पायजे."

कान्हूनं आपटलेली मूठ चोळली. मग हसला. "उडवू दे. साखरेचा मुंडका उडवून मर्द होत असंल तर होऊ दे बिचारा."

दिपिकाला त्याचं हसणं आवडलं नाही. पण तो कबूल झाला, एवढंच तिनं धरून ठेवलं.

आता अडचण होती आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची. हिरामण मागच्या महिन्यापासून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडेच राहायला आले होते, आणि ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नको ते सगळं दिसायला लागलं होतं. भिंतीवरची चीर दिसायची, भाजीतली अळी दिसायची. पण त्यांचं काळीज अधू होतं, छातीत स्प्रिंग बसवलेली. खिडकीतल्या बाटलीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग या शर्तीचं कोण सांगणार? ओट्यावर कान्हूचा चेहरा आकार घ्यायला लागला तेव्हा त्यांनी विचारलंच, "ह्यो आपला कान्हू ना गो?" आणि दिपिकाच्या तोंडून निघून गेलं, "कामगारांनी सत्कार ठेवलाय आबा त्याचा. केकवर त्यालाच बसवनार हाईत."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की तिला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. कान्हूनं गणपतीचं काम सोडून कंपनी धरली यावरून बाप-लेकात आठ वर्षं धड बोलणं नव्हतं. आणि आता हे म्हातारं सगळ्या आळीला सांगत सुटलं, माझ्या पोराचा सत्कार हाय.

चार दिवस दिपिका त्या मूर्तीपाशी होती. एका छोट्या लाकडी पाटावर पाय आधी केले आणि वाळवले, मग त्यांच्यावर धड. पंखा रात्रंदिवस चालू. बुटांच्या नाड्या, शर्टाचा फाटलेला खिसा, डाव्या भुवईवरचा व्रण. लहानपणी तिनंच भावाला पाटीचा कोपरा मारला होता, त्याचा तो व्रण. बाकी सगळं जमलं, मान जमेना. कच्ची मान करणं हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. बोटं आपोआप दाबून घट्ट करत, कड लिंपून घेत. तिनं तीन माना करून सुरीनं कापून पाहिल्या. पहिली दगड झाली होती. दुसरीला दोन घाव लागले. तिसऱ्या वेळी तिनं पावडर घातलीच नाही. डोकं आणि धड यांच्यामध्ये फक्त शेवईची एक काडी ठेवली आणि कड नुसत्या पाकानं चिकटवली. ती बोटाच्या टिचकीनं गेली. तशीच मान तिनं खऱ्या मूर्तीला केली, आणि केल्यावर हात मोरीत जाऊन धुतले, घाण काम केल्यासारखे.

पंचवीस तारखेच्या दुपारी डोळे तेवढे राहिले होते. पेणला डोळ्यांची आखणी हे शेवटचं काम, आणि ते घरातल्या कर्त्यानंच करायचं. हिरामण सकाळपासून मांजरासारखे ओट्याभोवती घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "डोळे मी लिवू?"

कसं नाही म्हणणार? तिनं ब्रश त्यांच्या हातात दिला.

"पन मानंला हात लावू नका आबा. वली हाय अजून."

"मला शिकवतेस व्हय गो?" म्हातारा हसला.

ती अंघोळीला गेली. अंघोळ करता करता रडून घेतलं, कारण संध्याकाळी रडायला मिळणार नव्हतं. केस पुसत बाहेर आली तर स्वयंपाकघरात करपल्या साखरेचा वास होता. म्हाताऱ्यानं चहा उतू घालवला असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मूर्तीचे डोळे झाले होते, वर हेल्मेटही बसवलं होतं. आणि त्या डोळ्यांतून कान्हू बघत होता. चिडका, हट्टी, आतून प्रेमळ, जसा होता तसा. आठ वर्षं ज्या पोराशी बाप नीट बोलला नाही त्याचे डोळे त्याला असे पाठ होते. दिपिका म्हाताऱ्याच्या पाया पडली. मान तिनं हलवून पाहिली नाही. हलवली आणि पडली तर, या भीतीनं तिनं बोटसुद्धा लावलं नाही.

"मी पन येतू सत्काराला," हिरामण म्हणाले.

"उन्हाचं नको आबा. डॉक्टर वरडंल. व्हिडिओ दाखवते तुमाला रात्री."

वाढदिवस शेठच्या गोडाऊनच्या आवारात होता, कारण रस्त्यावर तलवार काढली की पोलीस केस होते आणि शेठ कायदा पाळणारा माणूस! मंडप, डीजे, शेठचे हात जोडलेले पुरुषभर उंच फोटो. संध्याकाळचे पाच. उजेड चांगला असताना शूटिंग व्हावं म्हणून वेळ तीच धरली होती. चारशे माणूस असेल. केक टेबलावर ठेवला तेव्हा सगळे पुढे सरकले. तीन मजली केक, आणि वर वीतभर उंचीचा कान्हू, पिवळं हेल्मेट घातलेला. खरा कान्हू टेबलापलीकडे उभा होता, हात जोडून. सरू त्याच्या मागे, त्याच्या शर्टाची किनार मुठीत धरून. डीजे थांबला. शेठनं धार लावून आणलेली तलवार वर केली, मोबाईलवाल्यांना नीट दिसावी म्हणून थोडी फिरवली, आणि मारली.

हेल्मेट उडालं. मानेभोवतीची साखर फुटून टेबलभर सांडली. डोकं एका बाजूला कलंडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूच परत सरळ झालं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

शेठनं दुसरा घाव घातला, आडवा, जोर काढून. यावेळी वरचा मजला फाटला, क्रीम त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडालं आणि मूर्ती खालच्या लाकडी पाटासकट उलटली. डोकं जिथल्या तिथे. आता मागून मोठ्यानं हसणं आलं. शेठची स्वतःची माणसं खाली मान घालून, तोंडावर रुमाल धरून हसत होती. एका पोरानं शिट्टी मारली. सगळे मोबाईल वर होते. शेठचं नाक कापायला निघालेलं तिथे कुणी नव्हतं, पण ते कापलं गेलं खरं.

दिपिका धावली. टेबलापाशी गुडघ्यांवर पडून तिनं क्रीममधली मूर्ती उचलली आणि दोन्ही हातांनी डोकं पिरगाळायला लागली. "निघतं शेठ, निघतं, जरा थांबा, मी काढून देते." भावाचा चेहरा तिच्या मुठीत चुरला, व्रण गेला, डोळे गेले, साखर तिच्या नखांत भरली. आत काहीतरी तळहाताला कापलं. तिनं पाहिलं. दुहेरी तार होती, उजवीकडे पीळ दिलेली, टोकाला बारीक वळसा घातलेली, आणि विस्तवावर तापवून काळी झालेली. डोक्यातून शिरून छातीतून थेट खालच्या पाटात गेलेली. असा पीळ सगळ्या पेणमध्ये एकच माणूस देतो. स्वयंपाकघरातला करपल्या साखरेचा वास आता तिला कळला.

त्या वेळी कान्हूही हसला. त्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला होता, हे तिनं पाहिलं होतं. सरू त्याचा शर्ट ओढत होती. पण जोडलेले हात सुटले आणि तो सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, साखरेची निघत नाय, खरी कवा निघायची?"

शेठ टेबल ओलांडून गेला. कसा गेला ते कुणाला नीट दिसलं नाही. टेबल आडवं झालं, केक खाली, सरू बाजूला फेकली गेली. पहिला वार कान्हूनं हातावर झेलला आणि त्याची दोन बोटं मातीत पडली. त्यानं दुसऱ्या हातानं शेठची गचांडी धरली, डोकं त्याच्या नाकावर आपटलं आणि नाकाचं हाड मोडल्याचा आवाज डीजेच्या पेटीपर्यंत गेला. शेठ मागे कोलमडला. कान्हू पुढे होऊन त्याला लाथ घालणार तेवढ्यात शेठच्या माणसांतल्या दोघांनी त्याचे दंड मागून धरले. हेच दोघं मघाशी रुमालाआड हसत होते. शेठ उठला. नाकातोंडातून रक्त गळत होतं. त्यानं दोन्ही हातांनी तलवार धरली आणि मान आणि खांदा यांच्या मध्ये घातली.

एकच घाव. मूर्तीला दोन घालून जे झालं नव्हतं ते खऱ्या माणसाला एकात झालं.

मंडपातली माणसं पळाली. मोबाईल वर धरूनच पळाली. दिपिकानं आपली ओढणी भावाच्या मानेत कोंबली, ती भिजली, मग सरूनं पदर फाडून कोंबला, तोही भिजला. रोह्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि हात न लावता पुढे न्या म्हणून सांगितलं. अॅम्ब्युलन्समध्ये कान्हूचं डोकं दिपिकाच्या मांडीवर होतं. नागोठण्यापर्यंत तो तिच्याकडे बघत होता. काही बोलायचं होतं, पण तोंडातून फेस तेवढा आला. नागोठणं मागे पडलं आणि त्याचं बघणं थांबलं, हे तिला कळलं, पण तिनं सरूला सांगितलं नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवत पेणपर्यंत घेऊन गेला. पेणच्या दवाखान्यात त्यांनी स्ट्रेचर आत घेतलं आणि पाचच मिनिटांनी बाहेर येऊन मान हलवली.

दिवस अजून पुरता मावळला नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं जमायला लागली. प्रणित शेजाऱ्याची गाडी घेऊन आबांना घेऊन आला होता. त्यानं वाटेत त्यांना एवढंच सांगितलं होतं की कान्हूला लागलंय. हिरामण बाकावर बसले. आत जायला त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी लेकीच्या अंगावरचं रक्त बघितलं आणि पोरगा गेला हे समजून घेतलं. रडले नाहीत. नुसते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

सरू आतून बाहेर आली. तिची नजर दिपिकावर पडली आणि तिचं सगळं दुःख त्या एका ठिकाणी जाऊन पेटलं. तिनं दिपिकाचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"कच्ची ठेव सांगितली होती ना तुला? फुंकरीनं पडंल अशी ठेव सांगितली होती ना?" पुन्हा भिंत. "एका घावात पडली असती तर तो आता घरी जेवत बसला असता! साखरेची मान वाचवलीस आनि माझ्या नवऱ्याची दिलीस! तुझी कला! तुझं नाव! तार घातलीस तू, तार!"

दिपिकानं हात वर केला नाही. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं, ते डोळ्यात गेलं, तेही पुसलं नाही. बाकावर बाप बसला होता. त्याच्या छातीत स्प्रिंग होती, आणि त्याला एकच पोरगा होता. तो सकाळी होता, आता नव्हता. यापेक्षा जास्त त्यानं कधी कळून घेऊ नये असं तिला वाटलं. बाकी जगानं तिच्या तोंडावर थुंकलं तरी चालेल.

"चुकलं वहिनी," ती म्हणाली. "मीच घातली. सवय हो हाताची. मीच घातली तार."

"रांडे!" सरू किंचाळली आणि पायातली चप्पल काढली. प्रणित मध्ये पडायला गेला, तर त्याच्याही तोंडावर बसली. व्हरांड्यातले लोक नुसते बघत होते. एकीचा भाऊ गेला, एकीचा नवरा गेला, कुणी कुणाला धरायचं? चप्पल दिपिकाच्या गालावर, कानावर, तोंडावर पडत राहिली. तिचा ओठ फाटला. ती प्रत्येक फटक्याला तेच म्हणत होती, मीच घातली, मीच घातली.

"नाय."

आवाज बारीक होता, पण सरूचा हात वरच्या वर थांबला. हिरामण बाकावरून उठले होते. भिंतीला धरून ते दोन पावलं पुढे आले.

"आबा, तुमी बसा," दिपिका ओरडली. "प्रणित, त्यांना बाहेर न्या! आबा, तुमी काय बोलू नका!"

"खोटं बोलते ती," हिरामण सरूला म्हणाले. "तिला येवढी सरळ तार घालता येत नाय. डोक्यातून पार पाटापरेंत, कुठं वाकडी नाय. ती माझी हाय." त्यांनी आपले हात सरूसमोर धरले, बोटांच्या टोकांवर भाजल्याचे ताजे फोड होते. "डोळे लिवले आनि बघितलं, तर मान लुळी. मला वाटलं पोरगी घाईत इसरली. गॅसवर तार तापवली आनि सोडली आत. माझ्या घरातनं चाळीस वर्सांत लुळ्या मानंची मूर्त बाहेर गेली नाय."

म्हाताऱ्यानं श्वास घेतला, आणि त्याला सगळ्यांना ते नीट समजावून सांगायचं होतं अशा सुरात म्हणाला, "सत्कार होता गो त्याचा. भर सत्कारात मान पडली असती, तर लोकं हसली असती माझ्या कान्हूला."

सरूच्या मुठीतून दिपिकाचे केस सुटले.